चिमूटभर मोरचूद

आमच्या वरकुट्यात हिरवं पाणी म्हणजे दुश्मन. शेततळ्यात शेवाळ धरलं की ड्रिपची छिद्रं बुजतात, डाळिंब सुकायला लागतं. मग माझे वडील, आमचे आबा, मोरचूदाची पुरचुंडी तळ्यात सोडतात नि पाणी नितळ होतं. आणि मी? मी बारामतीच्या प्रयोगशाळेत तसलंच शेवाळ लेकरासारखं पोसत होते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, एकाच पेशीचं. जगभर या जिवावर प्रयोग चालतात, कारण ते झटपट वाढतं नि एका पेशीतच त्याचा सगळा संसार असतो. एरवी या पेशी उजेडाकडं पोहत जातात. मी पोसत होते त्या वाणाला मात्र उजेड कळतच नव्हता. का कळत नाही, एवढंच मला शोधायचं होतं. माझी पीएचडी त्यावरच उभी होती.

उन्हाळ्यात प्रयोगशाळेतला एसी बंद पडला नि शेवाळ जपून ठेवलेल्या काचेच्या बशांना बुरशी लागली. जिवंत उरलेले दोन फ्लास्क मी पिशवीत घालून गावी आणले, खिडकीत ठेवले. "कुणी हात लावायचा न्हाय," असं घरभर बजावलं नि इंदापूरला मैत्रिणीच्या लग्नाला गेले.

दुसऱ्या दिवशी परतले तर आबा दारातच, खुशीत. "पोरी, तुझं पाणी पार हिरवं पडलं हुतं बघ. हात न्हाय लावला, वरनंच चिमूटभर मोरचूद सोडलं. आता कसं नितळ हाय!"

कप्पाळ माझं! तळाशी नुसता फिकट गाळ बसला होता. मी अशी भडकले की शेजारीपाजारी गोळा झाले. "आवं आबा, त्येच तर माझं काम हुतं! मारलं की तुमी सगळं!"

"जित्तं हुतं व्हय ते?" आबा एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी बघते तर आबा ओट्यावर उभे. गुडघ्यापर्यंत चिखल नि हातातल्या किटलीत शेजाऱ्याच्या तळ्यातलं हिरवंगार पाणी. "ह्यातनं भागंल का?"

मला गलबलून आलं. पण खोटं कसं बोलू? माझा वाण प्रयोगशाळेत घडला होता, तळ्यात कुठला मिळायला! "न्हाय भागायचं, आबा." त्यांनी किटली उकिरड्यावर रिकामी केली, घासून पालथी घातली.

पीएचडीच्या सरांनी दुसरा विषय दिला. तो चाललाय, रडतखडत. राग केव्हाच गेला, हे आबांना दहादा सांगून झालं. तरी अजून मी एसटीतून उतरले की पिशवी मलाच उचलावी लागते. आबा घ्यायला येतात, शेजारनं चालतात. हात मात्र पाठीमागं घट्ट बांधलेले.