टॉवेल आठवतो, बिल आठवत नाही

हॉटेलच्या रिसेप्शनवर काही वर्षं उभं राहिलं की पाय दुखायला लागतात आणि किस्से साठायला लागतात. पायांना बाम चोळता येतो. किश्श्यांचं काय करायचं, म्हणून तुम्हाला सांगते. आमचं हॉटेल साकीनाक्याला, मी भांडुपची. आज फक्त जुन्या बिलांबद्दल बोलणार, कारण त्यावरून माझं डोकं अजून तापलेलं आहे.

*

नवीन होते तेव्हा अकाउंट्समधल्या परबांना विचारलं, "गेस्टचं बिल आपण किती वर्षं ठेवतो?"

"आठ," परब म्हणाले.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "जागा संपेपर्यंत."

मॅनेजर कामत साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आधी कोण मागतंय ते बघायचं, मग वर्षं सांगायची."

मला वाटलं, साहेब मस्करी करतायत.

*

एकदा फोन आला. पुरुषाचा आवाज, अगदी दबका. "मॅडम, माझं बिल तुमच्याकडे किती वर्षं राहणार?"

"आठ वर्षं, सर."

तो म्हणाला, "काही कमी नाही का होणार?"

मी म्हटलं, फिक्स आहे.

"बरं, मग त्यातला दुसरा ब्रेकफास्ट तरी काढा ना!"

आम्ही सगळे हसलो. घरी जाताना मात्र त्याच्या बायकोचा विचार आला आणि माझं हसू गेलं.

*

नाशिकचे एक रिटायर्ड मास्तर बायकोसोबत दुसऱ्यांदा आमच्याकडे उतरले. नाव टाकलं तर स्क्रीनवर लाल अक्षरं: मागच्या खेपेला एक टॉवेल कमी. कामत साहेबांनी अख्ख्या लॉबीसमोर त्यांना विचारलं. मास्तर बिचारे बॅग उघडायला लागले.

त्यांची बायको म्हणाली, "अहो, तीन वर्षांपूर्वीचा टॉवेल आजच्या बॅगेत कसा सापडेल?"

पुढे कळलं, टॉवेल लाँड्रीतच राहिला होता. मास्तरांची माफी कोणी मागितली नाही. लाल अक्षरंही कोणी पुसली नाहीत.

*

मग ऑडिट आलं. गच्चीवरच्या खोलीतले खोके खाली उतरवले. परबांनी बिलांचे गठ्ठे वर्षाप्रमाणे लावून, दोरीने बांधून ठेवलेले. ऑडिटरने पहिला गठ्ठा सोडला, तर सगळे कागद कोरे. दुसरा सोडला, तोही कोरा. आमच्या मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद. त्यावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हे काय आहे?" ऑडिटरने विचारलं.

"बिलं," परब म्हणाले. "नियमाप्रमाणे जपलीत."

कामत साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली. ऑडिटरचा चहा संपायच्या आत सगळ्या वर्षांची सगळी बिलं स्क्रीनवर हजर. मी तिथेच उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

*

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की परवा सुमन मावशी आल्या. वेसाव्याच्या, मासे विकतात. लेकीच्या लग्नाचं रिसेप्शन त्यांनी आमच्या हॉलमध्ये केलं होतं, सगळा खर्च स्वतः करून. आता लेकीचा घटस्फोट चाललाय आणि सासरचे कोर्टात सांगतायत की रिसेप्शन आम्हीच केलं, हिच्या आईने काही दिलं नाही. वकिलाने मावशींना बिल आणायला सांगितलं.

मावशींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "कपाटात जपून ठेवला होता गं. बघ ना, काय झालंय."

कोरा होता.

कामत साहेब केबिनमधून आले. कोर्ट हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला. "जुनं सॉफ्टवेअर गेलं, मावशी. तेव्हाची बिलं नाहीत आमच्याकडे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मावशींनी मोबाइल काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "मग हा मेसेज कुठून आला? आज सकाळी आलाय, म्हणून तर आले मी."

साहेबांनी वाचला. मीही वाकून वाचला. सुमनताई, तुमच्या लेकीच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आमच्या हॉलमधल्या त्या सुंदर संध्याकाळची आठवण, फॅमिली डिनरवर खास सूट.

"माझं नाव आहे, पोरीचं लग्न आहे, तारीख आहे, हॉल आहे," मावशी म्हणाल्या. "पैसे कोणी भरले, तेवढंच नाय तुमच्याकडं?"

साहेबांनी मोबाइल परत दिला आणि माझ्याकडे वळले. "यांचा नंबर मेसेजच्या यादीतून काढून टाक." एवढं बोलून केबिनमध्ये गेले.

साहेबांनी सांगितलं म्हणजे करायलाच हवं. नंबर काढायला आधी गेस्टचं अकाउंट उघडावं लागतं. ते उघडलंच होतं, तर मी गुळगुळीत रोलचं मशीन बाजूला ठेवलं आणि ऑफिसच्या शाईच्या प्रिंटरमध्ये साधा पांढरा कागद घातला.