मोटारीच्या जिवाला लावलेलं कुंकू

मी तिसरीत शाळा सोडली, का शाळेनं मला, ते अजून ठरलं नाय. सत्तर-पंच्याहत्तर सालाच्या आसपास नाशकात मोटारींच्या वायरिंगचं काम करायचो अन् स्वतःला मिस्तरी म्हणवून घ्यायचो.

दिंडोरीकडची एक पोर बघून आलो होतो. मला ती पसंत होती, तिच्या बापाला मी नव्हतो. त्यांनी निरोप धाडला, "दसऱ्याला या. आमची मोटार चालू होत नाय. केली तर पुढचं बोलू."

गेलो. कोवळं ऊन, नुकत्या छाटलेल्या द्राक्षबागा, अंगणात जुनी मोटार, डोळे मिटून बसल्यासारखी. बॉनेट उघडलं. प्लगला ठिणगीच नव्हती. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं तर आतले प्वाइंट, ज्यांच्यामुळं ठिणगी पडते ते, काळे पडलेले. पॉलिश पेपरनं घासले. पहिल्याच सेल्फला मोटार बोलली, अन् मी जमिनीपासून वीतभर वर चालायला लागलो.

मग मोटार बंद करून पूजा. झेंडूचा हार, नारळ. पोरीच्या आईनं ताट माझ्या हातात दिलं, "पाव्हण्यांच्या हातनं होऊ द्या."

तिथंच चेव आला. बाहेरून कुणीबी लावतं, आपण मिस्तरी! टोपण परत काढलं अन् ओलं हळद-कुंकू थेट प्वाइंटला लावलं. पोरीच्या बापाला म्हणालो, "मामा, मोटारीचा जीव इथं असतो."

सगळे देवीच्या दर्शनाला वणीच्या गडावर जायला मोटारीत बसले. सेल्फ मारला. घर्र घर्र. बॅटरी बघितली, वायरी हलवल्या, हॉर्नसुद्धा खोलला.

मामा खिडकीतून म्हणाले, "पाव्हणं, मघाशी चालू केली ती तुम्हीच ना?"

मागच्या सीटवरून पोर बोलली. माझ्याशी नाय, आईशी.

"आई, त्यांना म्हणावं, जीव गुदमरलाय तिचा. आतलं कुंकू पुसा."

कोरडं फडकंबी तिनंच दिलं. पुसलं. मोटार चालू झाली.

मामांनी मागं पोरीकडं बघितलं, पुढं माझ्याकडं. मग म्हणाले, "पोर द्यावीच लागंल. तुम्हाला एकटं सोडणं बरं नाय."

वणीचा रस्ता, ऊन, वारा. मामा काय काय विचारत होते, मी सगळ्याला हो म्हणत होतो. त्यातलं एक हो लग्नाच्या तारखेला होतं, हे मला दोन दिवसांनी आमच्या आईकडून कळलं.