आठबोटे

पॉवर प्रेसवर तिची बोटं गेली तेव्हा मी शेजारच्याच मशीनवर होते. पत्रा डायखाली, म्हणजे वरून पडणाऱ्या साच्याखाली सरकवायचा, पायडल दाबायचं, ठोका पडला की डब्याचं झाकण बाहेर काढायचं, हे आमचं काम. ज्याची झाकणं जास्त त्याचं नाव फळ्यावर वर. तिच्या वाट्याचा प्रेस म्हातारा, माझा नवाकोरा. पण फळ्याला त्याचं काय? रोज तळाशी आपलं नाव बघून एक दिवस तिचं डोकं फिरलं. तिनं हातापुढची जाळी काढून फेकली आणि झपाट्यानं झाकणं पाडायला लागली. दुपारपर्यंत ती माझ्या पुढं होती. मग तिची किंकाळी सगळ्या मशीनच्या वर ऐकू आली. उजव्या हाताची दोन बोटं डायला चिकटून बसली होती. फोरमननं ती कातरणांबरोबर झाडून नेली. मी बघितलं.

जखम भरेपर्यंत ती घरी होती. घरात नवरा, सासू आणि धाकटा दीर. हा दीर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, आणि फावल्या वेळात ऑनलाइन लढायांचा पक्का खेळाडू. त्यानंच तिच्या फोनमध्ये तो खेळ टाकून दिला. "वहिनी, वेळ जाईल तुमचा."

किल्ला बांधायचा, धान्य साठवायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचा किल्ला जाळायचा. जिंकलं की गुण चढतात, हरलं की उतरतात. आपल्याइतकेच गुण असलेला गडी शोधून खेळच समोर आणून उभा करतो. खेळात नाव घ्यावं लागतं, तिनं घेतलं 'आठबोटे'. म्हणाली, "आडनावासारखं वाटतं की नाही? कोणाला कळणारही नाही."

कामावर परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत ती मला त्या लढाया सांगायची. भाले कुठं घुसले, घोडदळ दलदलीत कसं घातलं आणि वरून बाणांनी कसं टिपलं. बोलताना डोळे चमकायचे. "अगं, समोर येतो तो माझ्याच वजनाचा येतो," ती म्हणायची. "तिथं कोणी कोणाचा मामा नाही. हरले तर माझ्या चुकीनं हरले." हरल्यावरही ती खुशीत असायची, हे मला नवल वाटायचं.

मग तिला 'गरीबगाय' नावाचा गडी भेटायला लागला.

त्याचे गुण तिच्याइतकेच, किंबहुना कमीच. पण लढाई सुरू झाली की तिचा तट कागदासारखा फाटायचा. बरं, जिंकून गप्प बसावं, तर तेही नाही. हा किल्ला मुद्दाम अर्धा ठेवायचा. कोठारं जाळायची, विहिरी बुजवायच्या, पळणारी माणसं एकेक करून गोळा करायची आणि वेशीत उभी करून कापायची. मध्येच लिहायचा, 'रडू नकोस.' पुन्हा पुन्हा तोच समोर. तिचे गुण घसरले, झोप उडाली, कामावर ती कोणाशी धड बोलेना.

एका सुट्टीच्या दिवशी, दिवसाढवळ्या, तो पुन्हा आला. त्यानं तिचं सैन्य चिरडलं आणि लिहिलं, 'दोन बोटं मशीनला दिलीस, उरलेली मला दे.'

ती गारठली. नावात बोटं होती, पण मशीन कुठं होतं? मशीनची गोष्ट खेळात तिनं कोणालाच सांगितली नव्हती. तेवढ्यात आतल्या खोलीतून दिराचं हसू आलं.

ती उठून आत गेली. दिराच्या कॉम्प्युटरवर तिचाच किल्ला जळत होता. वर नाव, आठबोटे.

"भाऊजी, हे तुम्ही?"

तो दचकला, पण लगेच सावरला. "खेळ आहे वहिनी, एवढं काय!"

"तुम्ही तर वरच्या वर्गात खेळता. माझ्याइतके गुण कसे?"

"वर कोण जाणार मरायला? तिथं एकेक घासून घेतो. दुसऱ्या नावानं खातं काढायचं, पाच-सहा डाव मुद्दाम हरायचे, गुण उतरले की खाली येऊन कापाकापी. सगळेच करतात."

"ही लबाडी आहे."

"नियमात कुठं लिहिलंय हरायचं नाही म्हणून?" तो खुर्ची फिरवून हसला. "न्यायाचं एवढं असेल तर तुमच्या प्रेसला विचारा ना, बोटं का खाल्लीस."

दारामागं लोखंडी स्टूल होतं. तिनं ते उचलून सरळ त्याच्या तोंडावर हाणलं. नाक मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. तो खुर्चीसकट पडला, तिनं पुन्हा हाणलं, या खेपेला दात गेले. रक्त कीबोर्डवर उडालं. मग त्यानं खालून तिचे केस पकडले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. भुवईच्या वर कपाळ उघडलं. डोळ्यांत रक्त उतरलं तरी तिनं त्याच्या मनगटात दात रोवले ते सोडले नाहीत. नवरा धावत आला, दोघांमध्ये पडला आणि त्याला दोन्हीकडून बसले.

"खेळण्यापायी माणसाचं नाक फोडतेस?" नवरा ओरडला.

"खेळण्यापायी नाही!" ती रक्त थुंकत म्हणाली. "ह्यानं मला फसवून मारलं. रोज मारलं!"

सासू उंबऱ्यात उभी होती. सगळ्यांना वाटलं, आता सुनेची खैर नाही. पण ती धाकट्या मुलाकडे बघत म्हणाली, "हा शाळेतही मुद्दाम नापास झाला होता. का, तर खालच्या वर्गातली पोरं बडवायला सोपी." मग तिनं एक ओला टॉवेल सुनेला दिला, एक मुलाला, आणि आत गेली.

कपाळाला टाके पडले. दिरानं पोलिसांत तक्रार दिली. साहेबानं दोघांकडे बघून कपाळाला हात लावला आणि दम भरून घरी पाठवलं. तिनंही खेळ चालवणाऱ्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं, एखादा हरला म्हणून त्याला शिक्षा करता येत नाही. तिनं सोडलं नाही. गरीबगायीनं कापलेले बाकीचे खेळाडू हुडकले, सगळ्यांकडून लिहवून घेतलं, आणि शेवटी ते खातं बंद झालं.

नवऱ्यानं वेगळी खोली घेतली. महिन्याभरानं दीर बाजारात दिसला. नाक वाकडंच बसलेलं. तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "नवं नाव घेतलंय. ओळखा."

तेवढं एक वाक्य तिला कपाळावरच्या घावापेक्षा जास्त लागलं. ती अजून खेळते, गुण परत चढलेत. पण आता कोणी चांगला गडी समोर आला की ती त्याच्याशी लढत नाही, त्याच्यात दिराचा चेहरा शोधते. काल जेवताना ती एका डावात हरली आणि टेबलावर अशी मूठ आपटली की आमचे डबे उडाले.

"असेल एखादा तुझ्यापेक्षा सरस," मी म्हटलं.

"असू दे ना! त्याचं दुःख नाही," ती म्हणाली. "खरंच माझ्याच गुणांचा आहे का, एवढं कोणी सांगावं."

आणि डाव्या हातानं घास तोंडात कोंबत तिनं पुढचा डाव लावला.