तिकीट घातलेलं पान

त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण म्हैसूरजवळच्या बोगादीतल्या आमच्या घरी आज सगळी ताटं एकत्र मांडली जातात, ती त्याच्यामुळे.

आईला क्षय झाल्याचं कळताच मी तिची ताटवाटी वेगळी केली होती. मग म्हैसूरच्या बसस्टँडजवळ जुनी पुस्तकं विकणाऱ्या या माणसाकडे गेलो. हुणसूरहून रोज बसने येणारा, माझ्यासारखीच कानडी मिसळलेली मराठी बोलणारा.

"क्षयावर मला कळेल असं काही द्या," म्हटलं.

त्याने डॉक्टरी पुस्तकं बाजूला सारली आणि या रोगाचा इतिहास सांगणारं एक पुस्तक काढलं. बाहीने धूळ पुसली. मग खिशातलं बसचं तिकीट मधल्याच एका पानात घातलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो असंच पान शोधून द्यायचा.

"इथून सुरू करा, सार. पहिलं पान शिकलेल्यांना, हे घाबरलेल्यांना."

त्या पानावर आमच्यासारख्याच घरांची हकिगत होती. रोग भांड्यांतून नव्हे, हवेतून पसरत होता, तरी लोक भांडी वेगळी करून माणसाला एकटं पाडत होते.

आठवड्याने पुन्हा गेलो.

"कुठवर आलं, सार?"

"त्या पानापुढे गेलोच नाही. उठून आईचं ताट आमच्यात मांडलं."

"मग झालं की वाचून," तो म्हणाला.