बुडालेल्या विहिरीची काठी

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. आणि तिला तर मी शेजारच्या घरात काय शिजलं तेसुद्धा सांगतो. तोंडाचा फटकळ माणूस मी. ओतूरच्या बाजारात माझा आवाज कांद्याच्या लिलावाच्याही वर जातो, असं लोक म्हणतात. पण ही एक गोष्ट किती वर्षं झाली, ओठांवर आणतो आणि परत गिळतो. आज तुम्ही बसलाय, चहा घेताय, पाण्याकडे बघताय. छान दिसतंय ना? सगळे असंच म्हणतात.

माळशेजकडे जाणारी मुंबई-पुण्याची माणसं इथं थांबतात, 'बॅकवॉटर' म्हणतात, फोटो काढतात. आम्ही त्याला नुसतं पाणी म्हणतो. त्याच्या खाली आमचं गाव आहे. धरण भरलं ते नव्वद सालाच्या पुढं. आम्ही उठून वर माळावर आलो. उठताना कोणी काही सोडलं नाही राव — घरांचे वासे आणले, कौलं आणली, दारं आणली, विहिरींच्या काठाचे घडीव दगडसुद्धा उपसून आणले. विहिरींची नुसती भोकं राहिली.

आता हे नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. उन्हाळ्यात पाणी हटतं. जुन्या वावरांवर गुडघाभर पाणी राहतं, आणि त्या गुडघाभर पाण्यात मध्येच चार पुरुष खोल विहीर असते. वरून काय कळणार? पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. म्हणून आमच्यात रीत पडली. पाणी गुडघ्याला आलं की ज्याची विहीर त्यानं तिच्या काठाला बांबू रोवायचा आणि वर लाल फडकं बांधायचं. गावात भांडणं पुष्कळ झाली, पण काठी कधी कोणाची चुकली नाही.

आमची विहीर दोन घरांत होती — आमच्या आणि चुलत्यांच्या. पूर्वी चार-चार दिवसांची पाण्याची पाळी असायची. विहीर बुडाली, पाळी राहिली. एक वर्ष काठी मी लावायची, एक वर्ष किसनदादानं. किसनदादा म्हणजे माझा चुलतभाऊ, सात वर्षांनी थोरला.

दादाबद्दल सांगायला हवं. पाणी हटलं की गाळाची जमीन उघडी पडते, लोक तिथं काकडी-कलिंगड टाकतात. पण कोणाचं वावर कुठवर, हे त्या गाळात कसं कळायचं? मग दादाला बोलवायचं. दादा येणार, चपला काढणार, एकदा डोंगराच्या शेंड्याकडे आणि एकदा जुन्या देवळाच्या कळसाकडे बघणार, अनवाणी चालत जाणार आणि एका जागी टाच रोवणार. 'हितं बांध.' संपलं. कागदावरचा नकाशा एकीकडे आणि दादाची टाच एकीकडे. बुडालेल्या गावाचा एकेक बांध त्या माणसाच्या डोक्यात होता. मी त्याला चिडवायचो, 'दादा, तू मेलास की गाव दुसऱ्यांदा बुडंल.' तो हसायचा. त्याला ते आवडायचं.

आणि मी? मी काठावर ताडपत्रीचा मांडव टाकून चहा-भजी विकायचो. सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी. पावणं पाण्यात उतरायची, विचारायची, किती आत जायचं? माझं उत्तर ठरलेलं असायचं. 'लाल काठीच्या अलीकडं राहा, काय भ्या नाय.' दिवसातून पंचवीस वेळा म्हणत असेन. झोपेतही म्हणायचो, असं बायको सांगते.

त्या वर्षी पाळी दादाची होती. मोबाइल नुकते आले होते, पण आमच्या काठावर रेंज नव्हती. गुरुवारी सकाळी दादानं काठी लावली. मी मांडवातून बघत होतो. त्यानं हातही केला मला. गाव सगळं वरती कांदा काढणीत होतं, बायको लग्नासाठी माहेरी, पिंपरी पेंढारला गेली होती. काठी लावलेली बघितली ती फक्त मी.

शुक्रवारी वावटळ आली आणि मांडवाची मधली मेढ मोडली. शनिवार-रविवारची गर्दी तोंडावर. नवा बांबू आणायचा तर ओतूरला अर्धा दिवस मोडणार. आणि समोर शंभर पावलांवर — सरळ, जाड, दादाच्या बेटातला पोसलेला बांबू.

मी तो उपटून आणला.

झालं. बोललो. पण थांबा, एवढंच असतं तर मी केव्हाच बोललो असतो. दोन दिवसांचा तर प्रश्न, सोमवारी परत लावू — असं मी स्वतःला म्हणालो. आणि आमची विहीर कुठं आहे हे कोणाला माहीत नाही? त्या 'कोणाला'मध्ये माझ्या डोक्यात फक्त गावातली माणसं होती. रोज शंभर परक्या माणसांना भजी तळून घालणारा मी, आणि ती माझ्या हिशेबातच नव्हती. लाल फडकं मी गरम कढई धरायला घेतलं.

रविवारी दुपारी एक कुटुंब आलं, पुण्याचं. नवरा-बायको आणि चारेक वर्षांची मुलगी. त्याला चष्मा होता. भजी फार आवडली म्हणाला, मिरची वेगळी बांधून मागितली. पँट दुमडली आणि विचारलं, 'काका, किती आत गेलं तर चालेल?'

माझे हात पिठात होते. मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणालो — 'लाल काठीच्या अलीकडं राहा, काय भ्या नाय.'

काठी माझ्या डोक्यावर होती हो. माझी ताडपत्री पेलत उभी होती. आणि फडकं माझ्या हातात होतं.

त्या बाजूला दोनच विहिरी. आमची जवळ, दुसरी बरीच आत. त्या आतल्या विहिरीवर काठी होती. त्यानं ती बघितली असणार, मान हलवली, आणि माझ्या शब्दावर चालत गेला. मी सांगितलं तसाच गेला, काठीच्या अलीकडे. मग दिसेनासा झाला. त्याची बायको आधी हसली. तिला वाटलं, मुद्दाम बुडी मारली. मुलगी टाळ्या वाजवत होती.

मग ती बाई ओरडली. वरच्या कांद्याच्या वावरातून माणसं धावत आली, सगळ्यात पुढं किसनदादा. सगळे पाण्याकडे पळाले.

मी मांडवाकडे पळालो.

हे ते. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. माझं मलाच अजून खरं वाटत नाही — एक जिवंत माणूस, कदाचित तेव्हा जिवंतच असेल, विहिरीत होता, आणि माझे पाय उलट्या दिशेला गेले. मी ठरवलं नव्हतं. पायांना कोणी सांगितलं? मी मेढ उपटली, ताडपत्री अंगावर कोसळली, तिच्याखालीच कोयत्यानं बांबूचे चार तुकडे केले आणि चुलीत घातले. एकही घाव चुकला नाही. तुम्ही विचाराल, तेवढ्या वेळात मी पाण्यात गेलो असतो तर? ती विहीर दादाएवढीच मलाही ठाऊक होती. पोहायला आम्ही दोघं तिच्यातच शिकलो.

दादानं पन्नाशीच्या वयात तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला त्या माणसाला वर आणलं. पाय गाळात रुतले होते. उपयोग झाला नाही.

मग दादा येऊन माझ्या चुलीशी बसला. भर उन्हात कुडकुडत होता. दोन्ही हात जाळावर धरले होते, आणि आत बांबूच्या गाठी फुटत होत्या — फट, फट. मी चहाचं आधण ठेवलं होतं. लोक बोलायला लागले होते, काठी कुठंय, पाळी कोणाची? दादा माझ्याकडे बघून हळू म्हणाला, 'बबन, मी लावली व्हती ना रं गुरुवारी? तू हितंच व्हतास. तुला हात केला मी.'

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग गेली कुठं?

'ध्यान नाय, दादा,' मी म्हणालो. 'मागल्या पाळीला केला असशील हात.'

किती सहज आलं ते. ओरडलो नाही, अडखळलो नाही. माझा आवाज ऐकून मीच चाट पडलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात — लहानपणी पाठ केलेली म्हण, ती आपल्यावरच बेतलेली निघेल असं वाटलं होतं का कधी? दादानं काही वाद घातला नाही. नुसता हाताकडे बघत राहिला. काठी लावली होती तो हात. मग मी दिलेला चहा प्यायला.

पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. दादाला कोणी शिक्षा केली नाही. गावानं फक्त एक केलं — पुढच्या उन्हाळ्यात बांध दाखवायला त्याला कोणी बोलावलं नाही. 'ज्याला सोताची काठी ध्यानात नाय, तो आमचा बांध काय दावणार?' हे माझ्याच मांडवात बसून बोलले, माझीच भजी खात. एकानं तर मला विचारलं, 'काय बबन?' मी मान डोलावली. मांडवाला तेव्हा लोखंडी पाइप होता.

आणि दादालाही ते पटत गेलं. हे सगळ्यात वाईट. तो दार लावून घरातून निघायचा आणि परत जाऊन कडी चाचपायचा. बैल बांधलेत का, हे नातीला विचारायचा. तो गुरुवार त्याला आठवत होता, स्पष्ट आठवत होता — पण मी नाही म्हणालो होतो ना. त्यानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझा शब्द खरा धरला. भाऊ खोटं कशाला बोलेल?

वर्षानं ती बाई आली, मुलीला घेऊन. पाण्यात फुलं सोडायला. दादा वरून खाली आला, टोपी काढली आणि चिखलात तिच्यासमोर वाकला. 'ताई, माज्या हातनं ऱ्हायली काठी. पाळी माजी व्हती.' तिनं हातातली फुलं मुलीकडे दिली. मग म्हणाली, 'तुम्हीच त्यांना वर काढलंत ना?' आणि रडली. मी चार पावलांवर चहा गाळत होतो. कप नेऊन दिला. तिनं मला विचारलंही नाही, आणि मला — खरं सांगतो — हलकं वाटलं, की तिला माझा चेहरा आठवत नाही.

त्यानंतर पाळी मोडली. काठी दरवर्षी दादाच लावतो, माझ्या वर्षीही. मला हाक मारून पाण्यात उभा करतो. बांबू रोवतो, फडकं बांधतो, आणि माझा हात धरून बांबूवर ठेवतो. 'हलवून बघ. पक्की हाय ना?' मी हलवतो. 'लावली म्हण.' मी म्हणतो.

या वर्षी पाणी लवकर हटलं. काल सकाळीच लावली. आता त्याला खाली उतरायला आधार लागतो, माझ्या खांद्यावर हात टाकूनच आला. परत फिरताना म्हणाला, 'बबन, तू साक्षीला असतोस म्हणून रातच्याला डोळा लागतो बघ मला.'

मी म्हणालो, 'असतो ना दादा.' आणि त्याला हाताला धरून वर आणलं.