खिडकीला बांधलेला टायर

वहिनी गेल्या त्या सकाळी मी कागलच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत पहिल्या पाळीला होतो. पुण्याहून घरी आलेल्या पुतणीचा फोन आला. "काका, आई गेली," एवढं बोलून ती थांबली आणि मग म्हणाली, "किल्ली माझ्याजवळ हाय." आई गेल्यावर पोरगी किल्लीचं काय सांगते, असं कुणालाही वाटेल... मला मात्र बरोबर समजलं. त्याला आता महिना उलटून गेला.

मंगलवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सीमाभागातलं, आवाज चौकापर्यंत ऐकू जाणारा. दादा कोल्हापूर ते मलकापूर वडापची, म्हणजे पाशिंजर भरून नेणारी, जीप चालवायचा. वडापवाले म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे सुसाट येतं, त्यातलं दादाकडे काहीच नव्हतं. मागून मोपेडवाला पुढं गेला तरी हा त्याला हसून हात करायचा. "तुमची जीप न्हाय, पालखी हाय," असं वहिनी त्याला चिडवायच्या. त्याच जीपचा मागचा डावा टायर एका दुपारी मलकापूरच्या रस्त्यावर फुटला. टायर चार महिन्यांपूर्वीच नवा घातलेला. त्याचा वरचा पट्टा सालीसारखा सुटून आला आणि जीप दोन पलट्या खाऊन शेतात पडली. पाशिंजर जखमी झाले, पण वाचले. दादा वाचला नाही.

आता माझ्या पापाचं सांगतो. दवाखान्याच्या आवारात हवालदार माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पावणं, भाऊ जोरात चालवायचा, असं लिवून टाका. उगंच चौकशी लांबायची न्हाय, मयत लगेच ताब्यात मिळंल." माझ्या डोक्यात एकच होतं, दादाला घरी न्यायचं. तसं लिहून मी खाली सही केली. घरी आल्यावर कुणाला बोललो नाही, वहिनींना तर नाहीच.

पोलिसांनी सोडलेल्या जीपसोबत फुटका टायर घरी आला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी, जिथून तो घेतला त्या दुकानाचा माणूस दारात आला. फार गोड बोलत होता. "वहिनी, अपशकुनी वस्तू घरात कशाला? मी घेऊन जातो, बदल्यात नवा देतो." वहिनींनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अपशकुनी हाय, तर तुमाला कशाला पायजे?" तो गेला. वहिनींनी सायकलची साखळी आणली, फाटका टायर पुढच्या सोप्याच्या खिडकीच्या गजांना बांधला, वर कुलूप घातलं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. तेव्हापासून रोज सकाळी केर काढून झाला की त्या कुलूप एकदा ओढून बघायच्या.

त्यांनी ग्राहक आयोगात टायरच्या कंपनीवर केस घातली तेव्हा सगळ्यांत आधी मीच आडवा आलो. कंपनी केवढी, आपण केवढे, असलं शहाणपण शिकवलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "भावजी, तुमच्या फौंड्रीत खराब माल निघतो का?"

"निघतो की. लाल पट्टा मारून बाजूला काढतो."

"आन् एखादा नजरेतनं सुटतो?"

"सुटतो कधीतरी."

"मग त्यांच्यातच तेवढी देवमाणसं हायत व्हय?"

पंधरा वर्षं मी तो लाल रंगाचा ब्रश हातात धरतोय, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

पुढं कंपनीने उत्तर दाखल केलं. त्यात पहिलाच कागद माझ्या सहीचा. आमच्या वकिलांच्या खोलीत तो वाचला गेला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वहिनी ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाल्या, "तुमी लिवलंय, तुमीच खोडायचं."

मी आयोगासमोर उभा राहिलो. कंपनीचा वकील हसत हसत म्हणाला, "म्हणजे खोटं तेव्हा बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का बरं?"

"भावाला घरी न्यायचं होतं, साहेब."

बाहेर आल्यावर वहिनींनी दोन चहा सांगितले. स्वतःचा अर्धा माझ्या कपात ओतला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

टायर तपासणीला गेला तेव्हा त्या स्वतः सोबत गेल्या, पोच घेऊन आल्या. एक तुकडा कापून उरलेला टायर परत आला, पुन्हा खिडकीला बांधला गेला. आतला रबर मुळात नीट चिकटलाच नव्हता, असा अहवाल आला. निकालातलं एकच वाक्य वहिनींनी माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं : चालकाचा दोष दिसून येत नाही. बाकी काय मिळालं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. दादाच्या फोटोसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ऐकलंसा न्हवं?"

कंपनीने अपील केलं. गल्लीतले म्हणाले, आता तरी ते भंगार टाका. वहिनींचं उत्तर ठरलेलं, "त्येंचं अपील, माझा टायर." अपिलाची तारीख लागायच्या आत त्यांच्या हृदयाने दगा दिला. ज्या टायरने दादाला नेलं, त्याला त्याच्या बायकोला हरवता आलं नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

गेल्या आठवड्यात अपिलाच्या तारखेला कंपनीच्या वकिलाने मोठ्या सहानुभूतीने विचारलं, "तक्रारदार मयत झाल्या ना? मग आता कोण लढणार?" पुतणीने वारस म्हणून अर्ज पुढं सरकवला. मी तिच्या शेजारी उभा होतो.

घरी आल्यावर तिने काळा दोरा माझ्या हातात दिला. "काका, मी नोकरीला पुण्याला असते. तुमी सांभाळा." ज्या हाताने दादाच्या नावावर डाग लावला, त्याच हातात तिने किल्ली ठेवली. मी ढसाढसा रडलो, लाजलो नाही.

आता ड्यूटीला निघण्यापूर्वी रोज मी त्या घरी जातो. दार उघडतो, केर काढतो. मग खिडकीपाशी जाऊन कुलूप एकदा ओढून बघतो. अजून पक्कं आहे.