मायचा अर्धा आवाज

माझ्या मायचा आवाज स्पीकरमधून आला आणि सभागृह हसलं.

"पोरगी झाडाखाली झोपून राह्यली होती. मी म्हटलं, झोपली तं झोपू दे."

एवढंच. पाहुण्यांनी बटण दाबून आवाज थांबवला. मग माईकजवळ तोंड नेलं, मान डोलावली आणि नाकातून सूर काढून तेच म्हणून दाखवलं. "झोपली तं झोपू देऽऽ!" हशा. टाळ्या. पुढच्या खुर्चीतल्या प्राध्यापिकाबाईंनी डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं.

माय मागे बसली होती. सगळे हसले म्हणून तीही हसली. पदर तोंडावर धरून.

मला किळस आली. हसणारे कुठले होते? महागावचे, केळापूरचे, वणीचे. घरी जाऊन हेच बोलणारे. तेच सगळ्यात मोठ्यानं हसत होते.

यवतमाळला आमच्या कॉलेजात बोलीभाषांवरचा कार्यक्रम होता. पाहुणे पुण्याचे. भाषाशास्त्राचे मोठे प्राध्यापक, एस्टोनियात राहून आलेले. मी एम.ए.ला, इंग्रजी माध्यमात शिकलेली. म्हणून त्यांच्या भाषणाची तयारी माझ्याकडे आली. इंग्रजी लेख वाचायचे, मराठीत मुद्दे काढायचे, स्लाइड बनवायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"इंग्रजी छान आहे तुझं. वाटत नाही," ते म्हणाले.

काय वाटत नाही, ते मी विचारलं नाही. मी विचारत नसे. शाळेत तोंडातून 'मले' निसटलं की वर्ग हसायचा. तेव्हापासून बोलण्याआधी मी वाक्य मनात तपासून घ्यायचे. तपासेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची.

पण एस्टोनियन भाषेबद्दल वाचताना मी हरखून गेले. एवढासा देश. उत्तरेकडची बोली प्रमाण झाली. दक्षिणेकडच्या बोलीत एके काळी पुस्तकं छापली जात, ती मागे पडली. दक्षिणेची मुलं शाळेत घरचं बोलली की शिक्षा व्हायची. शेकडो वर्षं जमीन जर्मन जमीनदारांची आणि राबणारे एस्टोनियन. मालकांचे शब्द राबणाऱ्यांच्या तोंडी बसले. पुढे रशियनही आली. वाचता वाचता मला वाटलं, हे तर आमच्या मारेगावचं लिहिलंय. आमच्या बोलीत हिंदी आहे, उर्दू आहे, शेजारच्या कोलाम आदिवासी बायांचे शब्द आहेत. एका स्लाइडवर मी लिहिलं, 'भाषांचा संपर्क म्हणजे भेसळ नव्हे.' सरांना ते आवडलं. "आपल्याकडचाही एखादा नमुना आण," म्हणाले.

मी मायकडे गेले. माय कापूस वेचायला जाते. आम्ही बौद्ध. शेत दुसऱ्याचं, पात आमची. पात म्हणजे वेचणारीच्या वाट्याला आलेली ओळ. मी मोबाइल समोर धरला. म्हटलं, काहीही बोल. मग जे मला कधीच सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. माझ्या आधी एक मुलगी होती. ती कशी गेली, ते.

सांगून झाल्यावर म्हणाली, "हे आयकव तुह्या कालेजातल्या लोकाईले. तिचं नावबी कोनाले मालूम नाई."

मी सगळं रेकॉर्डिंग सरांना दिलं. मायला म्हटलं, तूही ये. धम्मचक्र दिनाला नेसते ते पांढरं पातळ नेसून ती मारेगावहून पहिल्या एसटीनं आली.

सरांचं भाषण सुंदर झालं. हे सांगायलाच हवं. दक्षिण एस्टोनियातल्या एका म्हाताऱ्या बाईचा आवाज त्यांनी लावला. ती पाव भाजण्याबद्दल बोलत होती. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. तरी सभागृह शांत. कोणी खोकलंसुद्धा नाही. सर म्हणाले, "या बोलीनं जर्मन पचवली, रशियन पचवली. काय श्रीमंती आहे!" त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला भरून आलं.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता जरा हलकं होऊ या. आपली वऱ्हाडी! हिंदी, उर्दू, सगळ्याची खिचडी."

आणि मायचा आवाज लावला.

तिकडची बाई श्रीमंती. माझी माय खिचडी.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. कमी बोलणाऱ्या मुलीला देतात ते काम. लिहून दिलेली नावं वाचायची आणि खाली उतरायचं. त्यानंतर सर जाहीर करणार होते की त्यांच्या प्रकल्पात सहायक म्हणून ते मला घेत आहेत. मी माईकपाशी गेले. कागद मुठीत चुरगाळला. वाक्य तपासलं नाही.

"सर, तुमी पुढचं आयकलं होतं का?"

लोकांना वाटलं, हीही गंमतच. मागून कोणी तरी खिदळलं.

सर हसत म्हणाले, "अगं, मला फक्त उच्चार दाखवायचे होते."

"मंग पुढचं मी सांगतो. पोरीले ताप होता. मायले तिले दवाखान्यात न्याचं होतं. मालक म्हणे, पात पुरी कर, मंग जाय. मायनं दुरून पाह्यलं. वाटलं, झोपली. पात पुरी करून आली तं पोरगी थंडीगार. सुजाता नाव होतं तिचं. माही बहीण होती थे."

आता कोणी हसत नव्हतं. ती शांतता मला नको होती. उशिरा आलेली, फुकटची शांतता.

"मी कोनाचे आभार मानत नाई. मायचा आवाज वापस पाह्यजे. आत्ता, माह्या डोळ्यासमोर काढून टाका."

प्राचार्य उठले. "बेटा, बस आता." मी माईक सोडला, पण लॅपटॉपजवळून हलले नाही. सरांनी फाइल काढून टाकली. माईक बंद आहे हे पाहून हळूच म्हणाले, "तुझ्या लोकांना संधी दिली की हे असं होतं."

काय वाटत नव्हतं, ते त्या दिवशी कळलं.

बसस्टँडवर माय म्हणाली, "काहून केलं वं असं? हातातली नोकरी गेली ना तुही."

एसटी लागली. पायरीवर पाय ठेवता ठेवता ती थांबली.

"मले वाटलं, पुढचंबी आयकवतीन. म्हणून तं आलती मी."

मी तिला हात देऊन वर चढवलं.

नोकरी गेली. माफीचं पत्र लिही, सर मोठ्या मनाचे आहेत, असं मला सुचवण्यात आलं. मी लिहिलं नाही. लिहिणार नाही. आता सुट्टीच्या दिवशी मी मारेगावच्या आसपासच्या बायांपाशी जाऊन बसते. त्या बोलतात, मी रेकॉर्ड करते. बाई स्वतः थांबेपर्यंत थांबवत नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं इथं यावं, तिच्यासमोर जमिनीवर बसावं आणि तिचं पुरं होईपर्यंत उठू नये. उच्चारांपुरता तुकडा मागायला जो कोणी येईल, त्याला मी नाही म्हणेन. मायच्या बोलीत, मोठ्यानं. आणि आधी मनात तपासून घेणार नाही.